वाटीचा रकाना

पेठ वडगावच्या चंदना चौगुलेनं एकोणीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून प्रश्न विचारले. म्हशी किती, दूध किती, वैरण काय. दोनदा कुत्रं चावलं, पण फॉर्मात खोटा आकडा तिनं कधी लिहिला नाही. बाई तिखट. साहेबलोकही तिला वचकून असत.

त्या वर्षी एका संस्थेनं गगनबावड्याकडच्या एका गावात प्रयोग मांडला. पेंडीत क्षारांची भुकटी घातली तर म्हशीचं दूध वाढतं का, एवढंच बघायचं. फॉर्म भरायचं काम चंदनाकडं. चिठ्ठ्या टाकून चाळीस घरांना भुकटी दिली, चाळीस घरांना नाही. चिठ्ठीनं वाटणी झाली म्हणजे दोन्हीकडची घरं सारखी, मग फरक पडला तर तो भुकटीचाच. बेत झकास होता. सहा महिन्यांनी बघतात तर दूध दोन्हीकडं सारखंच वाढलेलं! अभ्यासाचे प्रमुख, पुण्याचे केतन साहेब म्हणाले, हिरव्या वैरणीनं वाढलं, भुकटी बिनकामाची, बंद करा.

चंदनाला पटेना. ती परत गावात गेली, तर चिठ्ठी न निघालेल्या धोंडुबाईच्या गोठ्यात वाटीभर भुकटी. संस्थेनं दिली का, असा फॉर्मातला प्रश्न. म्हातारीनं खरं तेच सांगितलं होतं, न्हाय. दिली होती शेजारणीनं. अहो, घरात आलेलं शेजारी वाटीभर दिल्याशिवाय जिथं घास उतरत नाही, तिथं भुकटी तरी एकटीच्या म्हशीला कशी घालतील? चंदना त्याच रीतीत वाढलेली, आणि तिलाच हे सुचू नये! तिला स्वतःचीच चीड आली.

मग तिनं सगळी घरं पुन्हा पालथी घातली आणि प्रत्येक फॉर्मावर पेनानं नवा रकाना आखला: वाटी कुणाकडून आली, कुणाला गेली. चिठ्ठी न निघालेल्या चाळीसपैकी एकतीस घरांत भुकटी पोचली होती.

साहेब उखडले. एवढ्यानं अख्खा अभ्यास बाद होईल, रकाना काढा, नाहीतर पुढच्या कामाला तुम्ही नाही. नवऱ्यामागं चंदनाचं घर ह्याच पगारावर चाललं होतं. तरी ती खुर्चीतनं उठली.

"साहेब, माझं नाव खोडा. रकाना खोडायचा न्हाय. आन् परत चिठ्ठ्या टाकाल तर घराच्या नगं, वाडीच्या टाका. वाटी ओढा वलांडून जात न्हाय."

तिचं नाव खोडलं. वर्षभर ती दुसऱ्यांचे पापड लाटत बसली, पण माफी मागायला गेली नाही.

पुढच्या पावसाळ्यात धोंडुबाईचा फोन आला. आता वाड्यावाड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्यात म्हणे, आणि नवी बाई फॉर्म घेऊन आली होती.

"काय इचारलं तिनं?"

"वाटी कुणाला दिली, म्हणून. छापलंय की त्यात."

चंदनानं लाटणं खाली ठेवलं. "छापणारच," ती म्हणाली.