मावशीसाठी मागच्या सीट पाडल्या: दिंद्रुड ते उमापूर

गेवराईत माझी रोपवाटिका आहे. मिरची-टोमॅटोच्या रोपांचे ट्रे न्यायला मी ही सात माणसांची धिप्पाड गाडी घेतली आणि गावाला काळजी लागली. एकटी बाई, कशाला एवढं धूड? पंपावरचा माणूस अजूनही शेजारच्या सीटवर मालक शोधतो. गल्लीत वळताना दोन्ही आरसे मिटावे लागतात. दुपारी शेजारच्या शेळ्या गाडीखाली झोपतात, निघताना त्यांना हाकलावं लागतं. डिझेल पिते, हे खरं. पण मला ती आवडते, आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दिंद्रुडहून मावशीचा फोन आला. उमापूरला तिच्या लेकीच्या मुलीचं, कोमलचं लग्न.

"मला न्हाई नेत गं," मावशी म्हणाली. "फोनवर दाखवतो म्हणतेत."

"कावून?"

"कारमधी बसवत न्हाई म्हणून."

मावशीच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. तिच्या मुलाला, बाळूला मी फोन लावला. तो म्हणाला, "ताई, डॉक्टरनं जास्त वेळ बसायला मनाई केली. कारमधी झोपवायची कुठं?"

"माझ्या गाडीत," मी म्हणाले आणि डॉक्टरांना विचारून घेतलं. झोपवून, हळू चालवत न्या, म्हणाले.

पहाटेच निघाले. त्या बाजूला जाणार असाल तर गढीजवळ हायवे सोडून माजलगावचा रस्ता धरा. उसाचे दिवस, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढं डुलत असतात. उंच बसल्यामुळं समोरचं लवकर दिसतं, तरी घाई करू नका. माजलगावात चहा आणि गरम भजी घेतली. भजीवाल्यानं गाडी बघून विचारलं, "एव्हरेज काय देते?" आपल्याकडं माणसाची तब्येत नंतर विचारतात.

दिंद्रुडला मागच्या दोन्ही रांगा पाडून गादी टाकली, कडेला उशा लावल्या. बाळूची बायको सुनीता मावशीजवळ बसली. बाळू हात बांधून उभा होता. "रस्त्यात काही झालं तर?"

"घरी बसून रडली तर काही होत न्हाई का?" मी विचारलं. तो मोटारसायकलवर पुढं निघून गेला.

परतीचा रस्ता मी बैलगाडीसारखा कापला. मागून हॉर्न वाजत होते, वाजू दिले. प्रत्येक गतिरोधकाआधी ओरडून सांगायचे आणि सुनीता मावशीला धरायची. मावशी खिडकीतून फक्त आभाळ आणि विजेच्या तारा बघत होती. "गेवराई आली का?" असं तिनं गढीच्या आधीपासून विचारायला सुरुवात केली. गेवराईहून शेवगावच्या बाजूला उमापूर, तो टप्पा तिनं झोपेत काढला.

मांडव शेतात होता. मावशीला उचलून आत न्यायला चार माणसं धावली. तिचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांना थांबवलं आणि गाडी उलटी घेत थेट मांडवाच्या उघड्या बाजूला नेली.

बाळू पळत आला. "ताई, मांडवात गाडी घालतीस? लोकं काय म्हणतील?"

"विचारून ये," मी म्हणाले आणि मागचं दार वर उचललं.

समोर बोहलं होतं. मावशीनं उशीवर मान उंच केली, सुनीतानं तिच्या मुठीत अक्षता दिल्या. मंगलाष्टका झाल्या, हार पडले, आणि कोमल नवऱ्याचा हात धरून सगळ्यांच्या आधी गाडीकडं आली. मावशीनं तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. बाळू तोंड फिरवून मांडवाचा खांब बघत राहिला.

संध्याकाळी दिंद्रुड जवळ आल्यावर मावशीनं गाडी थांबवायला लावली.

"मला पुढं बसव. आडवी गेले तर लोकांना वाटंल मयत आणलं."

सुनीतानं आणि मी तिला पुढच्या सीटवर बसवलं, सीट मागं कलती केली. काच खाली करून, पदर नीट करून ती वेशीतून गावात शिरली. पारावरची माणसं उठून उभी राहिली. तिनं कुणाकडं बघितलं नाही.

निघताना सुनीता माझ्या खिडकीशी आली. "ताई, ही चालवायला अवघड हाय का?"

"न्हाई. नुसती उंच हाय."

घरी आल्यावर गल्लीतले सगळे डिझेल किती लागलं, तेच विचारत होते. मला मात्र सुनीताचा आवाज ऐकू येत होता. आता ती दर रविवारी एसटीनं गेवराईला येते. पहिल्या दिवशी तिचा पाय क्लचपर्यंत पुरेना. मी सीट पुढं सरकवली, आणि तिनं आरसा स्वतःच्या नजरेच्या उंचीला लावून घेतला.