निरंक आणि मुदखेडची गाडी

दरवर्षी पावसाळ्यात वर्षावास लागला की मी लातूरला एक फोन करते. आमच्याकडून तिकडे बदलून गेलेला एक सहकारी आहे. वयानं माझ्याहून लहान, तोंडानं फटकळ. "ताई, झालं की आता, किती वेळा आभार मानता," म्हणतो. मानते. माझं तोंड, माझा फोन.

तो इथं होता त्या वर्षी आमच्या नांदेडच्या कार्यालयात जनावरांच्या लसीकरणाचा रोजचा अहवाल माझ्या गळ्यात पडला होता. उमरी, हदगाव, सगळ्या तालुक्यांच्या एक्सेल फायली दुपारून यायच्या. त्या उघडून, आकडे उचलून, एका तक्त्यात चिकटवून साहेबांना देईपर्यंत मुदखेडची संध्याकाळची गाडी निघून जायची. आणि मला ती गाडी पाहिजेच होती.

मुदखेडला आमच्या विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. इतकी वर्षं बाबा वाचायचे. त्यांची नजर गेली तेव्हा त्यांनी परस्पर सांगून टाकलं, "यंदा माझी लेक वाचंल." मला विचारलंसुद्धा नाही. सुरुवातीचे दिवस शेजारच्या काकांनी कसेबसे निभावून नेले. बाबा फोनवर त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत, त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

एकदा हा सहकारी माझ्या खुर्चीमागं उभा राहून बघत होता. "ताई, काय हमाली करून राहिल्या? पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहा, कॉम्प्युटरच करंल की हे."

"मला न्हाई येत ते."

"मग शिका. मी लिहून देणार न्हाई. उद्या बिघडलं की माझ्या नावानं बोटं मोडाल."

असा राग आला त्याचा. पण शिकवलं त्यानं, रोज जेवणाच्या सुट्टीत, स्वतःचा डबा बाजूला सारून. फाईल उघड, रकाना वाच, बेरीज कर, पुढची फाईल घे. असं करत करत पानभर ओळी झाल्या.

पहिल्यांदा खरा अहवाल करायला घेतला तर उमरी झाली आणि हदगावला अडलं. पडद्यावर लाल अक्षरं. तो डोकं खाजवत बसला. आधी खासगी कंपनीत होता, त्याला काही उमगेना. मी हदगावची फाईल उघडली आणि हसूच आलं. तिथल्या बाबूंनी शून्याच्या जागी 'निरंक' लिहिलं होतं. आपल्याकडं सरकारी कागदावर शून्य लिहितं कोण? काही झालं नसलं की निरंक, हा रिवाजच. बिचाऱ्या कॉम्प्युटरला त्याची बेरीज कशी यावी. मी माझ्या हातानं एक ओळ घातली: निरंक दिसलं की शून्य धर. तक्ता तयार. साहेबांना मेल गेला तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं.

"बघत काय बसल्या? पळा आता," तो म्हणाला.

विहारात पोचले तेव्हा बाबा पुढंच बसलेले होते. वंदना झाली, मी वाचायला घेतलं. पहिल्या पानावर दोनदा अडखळले, मग लय सापडली. वाचन संपवून त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी खिशातून चष्मा काढला. नजर गेल्यावरही ते तो रोज पुसून खिशात ठेवायचे, आणि का म्हणून विचारायची घरात कुणाची हिंमत नव्हती. तो माझ्या हातात देऊन म्हणाले, "घे, घरी ठिवून दे. आता ह्याचं काम न्हाई मला."