वाळूजच्या कारखान्यात कमांड सापडेना

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. वाळूजच्या कारखान्यात मुलाखतीला गेले तेव्हा साहेबांनी माझी पदवी हातात घेतली, विद्यापीठाचं नवं नाव वाचलं आणि म्हणाले, आता या नावाच्या पदव्या फार यायला लागल्यात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही लासूर स्टेशनकडचे मेंढपाळ. आमच्या घरातलं कुणी नामांतराच्या लढ्यात नव्हतं. पण त्या नावासाठी लोकांनी काठ्या खाल्ल्या, स्वतःची घरं जळताना पाहिली. ते नाव माझ्या कागदावर आहे याचा मला अभिमान होता, आजही आहे. साहेबांनी सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं.

माल पाठवायच्या विभागात लिनक्सचा सर्व्हर नुकताच आला होता, त्याला पाच टर्मिनल जोडलेले. गेटपास छापायचा नवा प्रोग्राम कुठूनही चालावा म्हणून एका शनिवारी मी सगळ्यांच्या सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ बदलली. कुणाला विचारलं नाही. अतिशहाणपणा, दुसरं काय.

सोमवारी सकाळी पाचही पडद्यांवर एकच उत्तर: कमांड नॉट फाउंड. फायलींची साधी यादी मागितली तरी तेच. गेटपासचा प्रोग्राम सुरू व्हायचा आणि मध्येच अडकायचा, कारण त्याला लागणारी छपाईची कमांडही सापडत नव्हती. फाटकावर भरलेले तीन ट्रक उभे. साहेब म्हणाले, पुण्याहून इंजिनिअर बोलावतो, सगळं पुसून नव्यानं बसवावं लागेल. माझा सहावा महिना चालू होता. नोकरी गेली असती तर दुसरी शोधली असती. पण दोष माझ्या पदवीच्या नावावर गेला असता, आणि ते मला सोसलं नसतं.

आमच्यात मेंढरू हरवलं की बाप कधी "कुठं गेलं?" असं विचारत नसे. तो म्हणायचा, "तू कुठं कुठं पाह्यलं, ते सांग आधी." मग बोटांवर जागा मोजून घ्यायचा. बहुतेक वेळा मेंढरू जवळच असायचं, आम्हीच तिकडं फिरकलेलो नसायचो.

मी मशीनला तेच विचारलं: कमांड शोधायला तू कुठं कुठं जातोस? एवढं सांगायला त्याला बाहेरची कमांड लागत नाही. पडद्यावर एकच जागा आली, गेटपासची डिरेक्टरी, म्हणजे त्या प्रोग्रामच्या फायलींचा कप्पा. जुन्या यादीच्या शेवटी नवी जागा जोडायची सोडून मी अख्खी जुनी यादीच काढून टाकली होती. कमांड होत्या तिथंच होत्या, मशीन तिकडं बघतच नव्हतं. मी एका कमांडचा पूर्ण पत्ता टाईप केला आणि फायलींची यादी समोर आली. मला मोठ्यानं हसू आलं. तसाच पूर्ण पत्ता देऊन एडिटर उघडला, ओळ नीट केली, सगळ्यांना एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीआधी ट्रक निघाले.

साहेबांनी विचारलं, मशीनच बिघडलं होतं ना? हो म्हणाले असते तर कुणाला काही कळलं नसतं.

"नाय साहेब," मी म्हणाले, आणि घरचीच भाषा तोंडात आली. "मशीन चांगलं व्हतं. बिघडवलं मीच, हुडकलं बी मीच."

साहेब म्हणाले, असं असेल तर दुपारी सगळ्यांना शिकवा, चुकीसकट. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे ऑपरेटर खुर्च्या ओढून बसले. मी सुरुवात माझ्या चुकीपासून केली. शेवटी एकानं विचारलं, हे शिकलात कुठं?

शहरात तेव्हा बरेच जण सवयीनं किंवा मुद्दाम विद्यापीठाचं जुनंच नाव घ्यायचे. साहेब दारात उभे होते. मी विद्यापीठाचं नाव घेतलं, पूर्ण, एकही शब्द न गाळता.