कॉम्प्युटरला हक्कसोड कळंना

चार शिकलेली माणसं एका खोलीत बसली की किस्से खरकट्या भांड्यांसारखे साचतात. मी सांगलीत एका फेलोशिपच्या ऑफिसात दुपारचा स्वयंपाक करते. शिक्षण चौथी. निलोफर वकील, समीर कॉम्प्युटरवाला. खेड्यातल्या बाईनं मोबाईलवर बोलून कायद्याचं काही विचारलं, तर त्यानं तिला कळेल असं उत्तर द्यावं, ही त्यांची खटपट.

*

समीर म्हणाला, "मावशी, काहीतरी विचारून बघा."

उंब्रजचा माझा धाकटा भाऊ महिनाभर मागं लागला होता, बापाच्या रानातला वाटा सोड म्हणून. मी तेच विचारलं. "भाऊ हक्कसोडवर सही मागतोय. करू का?"

मोबाईल म्हणाला, "बहिणी सहसा स्वखुशीने हक्क सोडतात."

"ह्याला बहीण न्हाई वाटतं," मी म्हणाले.

*

चूक निलोफरनं शोधली. मोबाईलला ढीगभर हक्कसोडपत्रं वाचायला दिलेली, आणि सगळ्यांत 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' असंच लिहिलेलं.

"मावशी, जे वाचलं तेच बोलणार ना ते," समीर म्हणाला.

"माझी बहीण सही करून गाडीत बसून रडली. ते कुठल्या कागदात लिवलंय?"

त्या दिवसापासून असल्या प्रश्नांची उत्तरं मी सांगायची आणि समीरनं टाईप करायची, असं ठरलं.

*

एकदा मोबाईल म्हणाला, "वकिलाचा सल्ला घ्या." वकील शेजारीच भात वाढून घेत होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "थांबा, मोबाईलला विचारते."

*

पुण्याहून मोठे सर तपासायला आले. मी उत्तरांवर बरोबर-चूक खुणा करत बसलेली. त्यांनी निलोफरला विचारलं, "यांचं क्वालिफिकेशन काय?"

"सर, यांना भाऊ आहे."

*

शेवटी भाऊ ऑफिसातच आला. हातात साडीची पिशवी, खाली गाडी चालू.

"आक्के, चल. अर्ध्या तासाचं काम हाय. साक्षीदार थांबल्यात."

मी त्याच्या हातात मोबाईल दिला. "ह्याला विचार. मग जाऊ."

तो खूश झाला. गोड आवाजात म्हणाला, "माझी बहीण तिच्या मर्जीनं हक्क सोडतीय. कागद कुठले लागत्यात?"

मोबाईल म्हणाला, "आधी फोन बहिणीच्या हातात द्या. आणि तुम्ही जरा बाहेर थांबा."

भावानं समीरकडं बघितलं, निलोफरकडं बघितलं. मग फोन माझ्या हातात दिला आणि पिशवी घेऊन जिन्यात जाऊन उभा राहिला.

मी दार ढकललं आणि मोबाईलला म्हणाले, "हां, आता सांग. वाटणीचा अर्ज कुठं करायचा?"