काचेखालचं गाव

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई मी पाचवीत असल्यापासून म्हणायची. पुढे मी रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि त्या जिभेचा पगार सुरू झाला, एवढाच काय तो फरक. वर्गातली पोरं मला टरकून असतात. घरातले लोक सवयीने अर्धं ऐकतात आणि अर्धं सोडून देतात. माझा शब्द न् शब्द खरा मानणारं माणूस एकच होतं, माझे बाबा. "आमची बाय शिकलेली हाय, ती म्हणते म्हणजे तसंच असनार," हे ते कुणालाही सांगत. मला त्याचा अभिमान वाटायचा. आता तेच वाक्य आठवलं की मी ताटावरून उठते.

बाबा पेणचे, गणपतीच्या कारखान्यातले. कारखाना म्हणजे काय, तर आमच्या घराची पुढची खोली आणि मागची पत्र्याची शेड. साचे भरणं, घासणं, रंग देणं ही कामं बाकीची माणसं करायची. बाबांकडे फक्त आखणी. मूर्तीचे डोळे काढणं याला आमच्याकडे आखणी म्हणतात. सगळं रंगकाम झालेली मूर्ती शेवटी त्यांच्यासमोर पाटावर यायची. ते श्वास रोखून धरायचे, बारीक ब्रश दोन-तीनदा फिरायचा, आणि इतका वेळ जी नुसती वस्तू होती ती आपल्याकडे बघायला लागायची. लहानपणी मी नेमकी त्या वेळी खोलीतून पळ काढायचे.

एवढे डोळे काढले, पण बाबा विसर्जनाला कधी आले नाहीत. "मीच डोळे काढायचे नि मीच बुडवायला जायचं? नाय जमत," म्हणायचे. आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन भोगावती नदीवर जायची. पाणी इतकं गढूळ की मूर्ती कमरेएवढी खाली गेली की संपलीच. येताना मूर्तीच्या जागी पाटावर थोडी वाळू घेऊन यायची, ही आमच्याकडची रीत. ती वाळू बाबा दोन बोटांत घेऊन बघत बसायचे.

"बाप्पा गेला कुठे?" मी विचारायचे.

"गावाला."

"कुठल्या गावाला?"

"त्याच्या."

"एष्टी जाते तिथं?"

"नाय गो बाय. पान्यातनं वाट हाय."

मग ते गाव ते मला रचून सांगायचे. तिथे आपल्या कारखान्यातले सगळे गणपती राहतात. नवीन आलेल्याला जुने सरकून जागा देतात. वाटेत कुणाचा कान तुटला तर जोडायला कारागीर आहे. उंदरांची वेगळी शाळा आहे. आणि गावात पोचल्यावर सगळे पहिलं काय करतात, तर डोळे मिटतात. "दहा दिवस टक्क उघडे ठेवलेले असतात ना, दमतात बिचारे," बाबा म्हणायचे. मला ते फार पटायचं.

मोठी झाल्यावर त्या गावावर गाढवाचा नांगर मीच फिरवला. तोवर कारखाना भाऊ बघायला लागला होता, आणि शाडू मागे पडून प्लास्टर आलं होतं. मी रविवारी रोह्याहून पेणला यायचे आणि बाबांच्या शेजारी पाट मांडून जेवता जेवता त्यांना शिकवायचे. प्लास्टर विरघळत नाही, बाबा. वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. एकदा तर ओहोटीला उघडे पडलेले मूर्तींचे हात-पाय दाखवणारा पेपरातला फोटोच त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी पेपर उलटा केला. "लोकांना हलकी मूर्ती पायजे, पोरानं करायचं काय?" एवढंच म्हणाले आणि उठले. ताटात भात तसाच होता. मी जिंकले असं मला वाटलं, आणि मी त्यांच्या वाटचा पापडही खाल्ला.

आई गेल्यावर बाबा गप्प झाले. आखणी चालू होती, पण बोलणं आटलं. म्हणून गेल्याच्या गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना अंदमानला घेऊन गेले. जन्म खाडीच्या काठी गेला, एकदा तरी तळ दिसणारं पाणी बघू देत त्यांना, असं माझ्या मनात होतं. पाच दिवसांतला एक दिवस बेटांसाठी राखलेला. सकाळी बोटीने निघायचं, दोन बेटांचे किनारे बघायचे, संध्याकाळी परत. आम्ही नऊ पर्यटक आणि एक गाइड. गाइड चाळिशीचा, पोट सुटलेला, सतत माणसं मोजणारा. बाबांनी त्याला घरून आणलेले पोह्याचे पापड दिले, भाजून, डब्यात घालून. त्यानेही ते सगळ्यांसमोर कडाकडा खाल्ले. लाइफ जॅकेट चढवताना बाबा म्हणाले, "गौर सजवतात तसं सजवलं गो मला." किती दिवसांनी ते असं काही बोलले होते! मला भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी त्यांच्यावर खेकसले की पट्टा नीट लावा.

पहिल्या बेटावर बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले. स्वतःची पावलं बघत होते. पाण्यात आपले पाय दिसतात याचंच त्यांना अप्रूप. वाळू पिठासारखी पांढरी. त्यांनी मूठभर घेतली आणि म्हणाले, "पाटावर ठेवायला किती झ्याक." गाइडने लगेच हात जोडले. "अंकल, यहाँ से कुछ ले जाना मना है. रेती भी नहीं." बाबांनी मूठ उघडली आणि हात झटकून त्याला दाखवले.

दुसऱ्या बेटापाशी तळाला काच असलेली होडी होती. होडीच्या मधोमध लाकडी चौकट, तिच्यात जाड काच, आणि आपण भोवती बसून खाली वाकून बघायचं. सुरुवातीला मासे आले. निळे, पट्ट्यापट्ट्यांचे, एक तर असा पिवळा की बाबा ओरडलेच. "रंगकाम बघ, रंगकाम! हा पिवळा आपल्याकडं बसतच नाय." मग प्रवाळ आलं. जांभळे झुबके, तपकिरी गोल, पंख्यासारखं काहीतरी हलणारं. मासे त्याच्यात शिरत होते, बाहेर येत होते. बाबांनी दोन्ही तळवे चौकटीवर ठेवले आणि अगदी हळू म्हणाले, "गाव हाय गो."

"हो बाबा," मी म्हणाले. त्या दिवशी मी त्यांच्याशी प्रेमाने बोललेलं तेवढंच.

होडी पुढे सरकली आणि रंग संपले. खाली सगळं पांढरं. तिथलं प्रवाळ मेलेलं होतं. फांद्या तुटून एकमेकींवर पडलेल्या, गोल गोल तुकडे इकडेतिकडे लोळलेले. गाइड हिंदीत सांगत होता, पाणी तापलं की असं होतं. मी मान डोलावत होते, कारण हा धडा मी दरवर्षी शिकवते. बाबा ऐकत नव्हते. त्यांचा चेहरा काचेला जवळजवळ टेकला होता.

"आपलं हाय हे," ते म्हणाले.

"काय आपलं?"

"प्लास्टर. तो बघ हात. ती सोंड. विरघळलं नाय. तू सांगायचीस ना."

"बाबा, ते प्रवाळ आहे. मेलेलं."

"तो बघ, बघतोय. डोळे उघडे हायत गो त्याचे!"

ते एकदम उभेच राहिले. होडी कलंडली. बायका किंचाळल्या. गाइड "अंकल, बैठिए, बैठिए" करत धावला. बाबा नावाड्याला सांगत होते, थांबव, एक वर काढ, मला बघू दे. नाशिकची एक बाई मोबाइलवर हे सगळं घेत होती आणि हसत होती. मला गाडी लागते तशी होडी लागली होती, आणि खरं सांगायचं तर मला बाबांची लाज वाटली. पन्नास वर्षं ज्यांनी देवांना डोळे दिले त्या माणसाची मला परक्या माणसांसमोर लाज वाटली.

"हो, तुमचेच गणपती आहेत ते!" मी ओरडले. "पेणहून पोहत आले! झालं समाधान? बसा आता खाली."

सगळे हसले. बाबा बसले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, तो मी वर्गात रोज देते, पण तो असा बसलेला मी कधी पाहिला नव्हता. बाबांनी काचेकडे परत बघितलं नाही. आपल्या हातांकडे बघत होते.

उतरल्यावर बाकीचे पोहायला गेले. बाबा किनाऱ्याने एकटेच चालत गेले आणि एक पांढरा तुकडा उचलून आणला. नखाने ओरखडून बघितलं. "नख लागत नाय," म्हणाले. "पन खाऱ्या पान्यात वर्षानुवर्षं ऱ्हायलं की प्लास्टर कसं होतं, ते आपल्याला कुठं म्हाईत हाय? घरी नेतो. एका बादलीत खाडीचं पानी भरतो. हा तुकडा नि आपल्या गनपतीचा एक तुटका हात, शेजारी शेजारी ठेवतो. मग कळंल."

बाबांनी आयुष्यात सुचवलेला तो पहिला प्रयोग. आणि बिनचूक होता. दोन तुकडे, एकच पाणी, शेजारी शेजारी. माझ्या वर्गातल्या एखाद्या पोरीने असं सांगितलं असतं तर मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या असत्या.

"टाका ते," मी म्हणाले. "इथलं काही न्यायचं नाही म्हणून सकाळी सांगितलंय ना? आणखी शोभा नको."

नियम खराच होता, त्यात माझी चूक नाही. पण दोन मिनिटं वाळूत बसून तो तुकडा हातात घेऊन मी त्यांना दाखवू शकले असते, ही बारीक छिद्रं बघा बाबा, ही प्राण्यांची घरं होती, साच्यातून अशी कधी निघतात का? मी ते केलं नाही. बाबा पाण्यात गेले आणि तो तुकडा त्यांनी फेकला नाही. दोन्ही हातांनी धरून खाली सोडला. विसर्जन करतात तसा.

माघी गणपतीच्या आधी भावाचा फोन आला. "बाबा आखनी करत नायत. ब्रश हातात घेतात नि ठेवून देतात. तू काय बोल्लीस त्यांना तिकडं?"

मी मिळेल त्या गाडीने पेणला आले. शेडमध्ये रंगून तयार झालेल्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. मुकुट, दागिने, पितांबर, सगळं झालेलं आणि डोळ्यांच्या जागी कोरं. बाबा मागच्या दाराशी बसले होते. पुढ्यात बादली. बादलीत पाण्याखाली प्लास्टरचा एक हात, आशीर्वादाचा. शेजारची जागा रिकामी.

"डोळे का काढत नाही, बाबा?"

"काढले की बघत ऱ्हातात गो. खाली पडून. मिटत नायत ते, मी तुला उगाच सांगायचो. कोरेच गेलेले बरे."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. फोटो दाखवले. जिवंत प्रवाळ, मेलेलं प्रवाळ, ते कशाने मरतं, अंदमान कुठे आणि पेण कुठे, मधे किती पाणी. आवाज चढू न देता तासभर बोलले. इतकं चांगलं मी कुठल्याही वर्गाला शिकवलेलं नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात फिरवला.

"आता माझं मन राखायला सांगतेस," ते म्हणाले. "तवा होडीत रागात बोल्लीस ते खरं. मानूस रागात खोटं बोलत नाय."

मी म्हटलं, बाबा, ती थट्टा होती, मी वैतागले होते, मला होडी लागली होती. ते नुसते मान हलवत राहिले. जन्मभर माझ्यावर ठेवलेला विश्वास ते त्या एका वाक्यावर ठेवून मोकळे झाले होते. त्या वर्षी भावाने आखणीला बाहेरचा माणूस लावला. बाबा रोज बादलीतलं पाणी बदलायचे.

वैशाखात ते गेले. दुपारची वेळ होती. मी रोह्याहून पोचले तेव्हा त्यांना पुढच्या खोलीत, जिथे आखणीचा पाट मांडायचे तिथेच ठेवलं होतं. डोळे अर्धे उघडे होते. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. "तूच मिट," म्हणाला, "माज्यानं नाय होत." आणि बाहेर गेला.

मी हात ठेवला. उजवा डोळा मिटला, डावा परत उघडला. मी तळवा तसाच धरून ठेवला आणि खाली वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, "बाबा, ते आपले नव्हते हो." अगदी हळू म्हणाले, जमेल तितक्या मायेने. आवाजात राग नव्हता. म्हणजे त्यांनी तेही खरं मानलं नसतं.