वरच्या फळीवरचा डबा

मावशीच्या घरात कंबरेच्या खाली धोक्याचं काही सापडणार नाही. काडेपेटी, कात्री, फिनेल, औषधं, सगळं स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर. पाळणाघर चालवणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. एखादं रांगणारं पोर एकदा बटण तोंडात घालतं आणि त्या दिवसापासून घर आपोआप वर चढायला लागतं. मधुमेहाच्या गोळ्या पुरेनाशा होऊन मावशीचं इन्शुलिन सुरू झालं, तेव्हा सुयाही वर गेल्या. आणि डॉक्टरीणबाईंनी "साखर उतरली तर लागेल, हा कायम हाताशी ठेवा" असं बजावून दिलेला ग्लुकोजचा डबा? तोही सवयीने, बाकीच्या औषधांशेजारी, वरच.

"सुई टोचली की अर्ध्या तासात जेवायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "मध्ये देव आला तरी त्याला थांब म्हणायचं."

"देव थांबेल हो. दहा महिन्यांचं पोर नाही थांबत."

डॉक्टरीणबाई हसल्या नव्हत्या.

पालकांपैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं. मावशी न्हाणीघराचं दार लावायची, नळ सोडायची आणि पोटाला चिमटा काढून सुई टोचायची. मूल ठेवायला आलेली प्रत्येक आई विचारतेच, "तब्येत बरी असते ना तुमची?" आणि मावशीचं उत्तर तोंडपाठ, "मला काय धाड भरलीय!" मुलं गेली तर खायचं काय, ही भीती तर होतीच. पण खरी भीती वेगळी होती, आणि ती नळ सोडल्यावरच यायची. पोर कडेवर असताना आपण पडलो तर?

त्या दुपारी सुई झाली, ताट वाढून ओट्यावर ठेवलं, आणि पाळण्यातला ढब्बू रडत उठला.

"मावशी, तो रडतोय," चार वर्षांची वकीलबाई म्हणाली. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकत नसे, म्हणून हे नाव.

"ऐकू येतंय गं."

"मग उचल ना! नुसतं ऐकून काय होतं?"

मावशीने उचललं. ढब्बूला दात येत होते. त्याला दूध पाजलं, ते त्याने तिच्याच अंगावर ओकलं. कपडे बदलले, फरशी पुसली, त्याला खांद्यावर टाकून फेऱ्या मारल्या. आधी लेकरं, मग आपण, असंच तिचं आयुष्य चाललं होतं. ताट तिथेच निवत राहिलं.

मग ओठ बधिर झाले. पाठीवरून घामाची धार उतरली. समोरच्या दाराच्या दोन चौकटी दिसायला लागल्या आणि गुडघ्यांतून कुणीतरी जोर काढून घेतला.

तिने वर पाहिलं. डबा स्पष्ट दिसत होता. स्टूल ओढायला हवं होतं, वर चढायला हवं होतं. खांद्यावर ढब्बू.

बस, तिने स्वतःला सांगितलं. आत्ताच्या आत्ता खाली बस.

भिंतीला पाठ घासत ती खाली आली. डोळा लागलेल्या ढब्बूला सतरंजीवर निजवायला गेली, तर बोटं सुटेनात. अंगठ्याने एकेक बोट सोडवावं लागलं. शेजारी त्याची पिशवी होती. पिशवीत फळांच्या रसाची बाटली. झाकण फिरवायचं कसं तेच आठवेना. तिने बाटलीचं रबरी बूच तोंडात धरलं आणि चोखायला लागली. पन्नाशी ओलांडलेली बाई, तान्ह्या पोरासारखी.

"मावशी, ते ढब्बूचं आहे. विचारल्याशिवाय घेतलं की चोरी होते."

"हं." जीभ लाकडासारखी झाली होती.

तेवढ्यात बेल वाजली. मग दारावर थापा. "मावशी! मी आहे, आज लवकर सुटले!" ढब्बूची आई. आणि कडी? तीही वर, मुलांचा हात पोचू नये म्हणून. मावशी कडीकडे बघत चोखत राहिली. दाराबाहेरचा आवाज चिरकत गेला.

बाटली संपली. हात पुन्हा आपला वाटायला लागला, तेव्हा भिंत धरून ती उठली आणि कडी काढली.

"झोपला होतात का? किती वेळ..."

"मावशीने ढब्बूचा रस प्यायला," वकीलबाईने साक्ष दिली. "सगळा!"

आईने रिकामी बाटली पाहिली, मावशीची ओली हनुवटी पाहिली. "मावशी? लेकराच्या तोंडचं?"

भूक लागली होती, म्हटलं की सुटली असती. चोर ठरली असती, एवढंच.

"मला साखर आहे," मावशी म्हणाली. "इन्शुलिन घेते. जेवायला उशीर झाला आणि साखर एकदम उतरली. तुमचा मुलगा खांद्यावर होता तेव्हा."

"कधीपासून घेता?"

"वर्ष झालं."

"आणि मला म्हणालात, काय धाड भरलीय!"

"भरलीच होती. म्हणूनच म्हटलं."

आई हसली नाही. तिने झोपलेल्या ढब्बूला इतकं घट्ट उचललं की तो दचकून रडायला लागला. "मी बाहेर थापा मारत होते, मावशी. तुम्ही उठलाच नसतात तर?"

"तर कडी काढायला घरात कुणी नव्हतं."

हे मोठ्याने म्हटल्यावर मावशीलाच पहिल्यांदा नीट ऐकू आलं. आई ढब्बूची पिशवी उचलून पायऱ्या उतरली. उद्याचं काही बोलली नाही.

मावशीने ताट खाली घेतलं आणि जमिनीवर बसून पहिल्यांदा लेकरांआधी जेवली. हात थरथरत होता, शितं सांडत होती.

"तुला थंडी वाजतेय?" वकीलबाईने विचारलं.

"नाही. घाबरलेय."

"कुणाला?"

मावशीने हात धुतला आणि फोन घेतला. वकीलबाईचे बाबा सामान पोचवायची गाडी चालवत. पलीकडे रस्त्याचा गोंगाट होता.

"बोला मावशी! काय प्रताप केले आमच्या बाईंनी?"

"तिने नाही, मी केलेत. तुम्ही गाडी आधी बाजूला घ्या."