लेखी कळवावे

निवृत्तीअण्णा साइटवर आले की आधी चपला काढायचे. देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा, जोडीने, हद्दीच्या दगडाजवळ. मग पायजमा घोट्याच्या वर दुमडून सगळ्या प्लॉटवरून अनवाणी एक फेरी व्हायची. मुरूम टोचतो, उन्हाळ्यात जमीन भाजून काढते, पण अण्णांना त्याचं काही नसे. मधेच थांबून ते टाच दाबायचे आणि रोलरवाल्याला हाक मारायचे, "हितं अजून पोकळ हाय. दोन फेऱ्या मार." मी नुकतीच डिग्री घेऊन नोकरीला लागलेली सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे मला हे सगळं थोतांड वाटायचं. एकदा मुद्दाम त्यांनी पोकळ म्हटलेल्या जागी टेस्ट घेतली. भराव कच्चा निघाला. चार पावलांवर दुसरी घेतली, ती बरोबर आली. मी हे त्यांना सांगितलं नाही. त्यांना सांगायचं ते न सांगण्याची माझी सवय बहुतेक तिथूनच सुरू झाली.

अण्णा सिन्नरजवळच्या एका खेड्यातले, जमीन सपाटीकरणाचे ठेकेदार. नाशिकात द्राक्षबागा निघतात आणि तिथे बंगल्यांचे प्लॉट पडतात. बाग निघाली की उरलेली उंचसखल जमीन कापायची, खोलगट भागात भराव टाकायचा, पावसाचं पाणी नीट वाहून जाईल असा उतार द्यायचा, हे त्यांचं काम. वय साठीच्या आसपास, अंगकाठी बारीक, बोलणं कमी. शाळेत कधी गेलेच नव्हते. करारावर अंगठा उठवायचे, पण अंगठा उठवण्याआधी त्यांचा एक नेम होता आणि तो आमच्या बिल्डर शेठनासुद्धा मोडता आला नव्हता.

नेम असा, की कामाचा नारळ फोडण्यापूर्वी सगळा करार मोठ्याने वाचायचा. जेसीबीवाला, रोलरवाला, टँकरवाला, दगड वेचणाऱ्या बायका, सगळ्यांना गोल करून बसवायचं आणि मी उभं राहून इंग्रजी कलमं मराठीत सांगायची. एकेक कलम झालं की सगळ्यांनी "ऐकलं" म्हणायचं. "अंगठा माझा एकल्याचा, पन जबान समद्यांची," अण्णा म्हणायचे. "देवाम्होरं नारळ फोडतो, तर काय कबूल केलं ते ठावं नको का?" शेठ मला सांगायचे, अर्धा तास जातो तो जाऊ दे, पुढचे सहा महिने मला डोकं लावावं लागत नाही.

मी वाचायचे. वरची काळी माती वेगळी रचून ठेवावी. ऐकलं. भराव नऊ-नऊ इंचांच्या थराने टाकावा, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवावा. ऐकलं. हद्दीचे दगड हलवू नयेत. ऐकलं. आणि शेवटी, कागदावरचा उतार आणि जागेवरची जमीन यांत तफावत आढळल्यास ठेकेदाराने काम सुरू करण्यापूर्वी तसे लेखी कळवावे व पोच घ्यावी, अन्यथा होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी ठेकेदाराची राहील.

"पोच म्हंजी?" पहिल्या वेळी अण्णांनी विचारलं होतं.

"तुमचा कागद मिळाला म्हणून समोरच्याने केलेली सही."

"मग माझं लेखी म्हंजी माझं तोंड. आन पोच म्हंजी तुमचे कान, ताई." सगळे हसले. मीही हसले आणि सगळ्यांबरोबर "ऐकलं" म्हणून टाकलं.

पाथर्डी फाट्याच्या कामावर एकदा अण्णा एका दिवसासाठी गावी गेले. पोरांनी तेवढ्यात दोन थर एकदम टाकून वरून रोलर फिरवला. वरून पाहिलं तर कुणाला कळलं नसतं, मलाही कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अण्णांची फेरी त्या कोपऱ्यात थांबली. ते कुणावर ओरडले नाहीत. जेसीबी बोलावला आणि अख्खा दिवसाचा भराव उकरून काढायला लावला. मी म्हटलं, "अण्णा, राहू द्या, टेस्टमध्ये निघून जाईल." ते म्हणाले, "टेस्ट तुमची, ताई. ऐकलं म्हनलेलं माझं." दुपारी भाकरीबरोबर त्यांनी नेहमीसारखा डब्यातला ठेचा माझ्या झाकणात वाढला. मी तिखटाने नाक पुसत बसले आणि त्यांना ते बघून फार मजा वाटली.

त्यानंतर मखमलाबादचं काम आलं. करार मी तयार केला. म्हणजे पाथर्डी फाट्याचा जुना करार उघडला, नाव-गाव बदललं, क्षेत्रफळ बदललं आणि छापला. शेठनी सही केली, वर "काम फास्ट आहे हं तुझं" अशी शाबासकीही दिली. जुन्या जागेवर नाला उत्तरेला होता म्हणून उतार उत्तरेकडे होता. नव्या जागेवर नाला होता दक्षिणेला. उत्तरेला, अगदी कुंपणाला लागून, एका निवृत्त गुरुजींचं बैठं घर होतं. त्यांची पत्नी अंथरुणाला खिळलेली होती. मी उत्तर हा शब्द बदलायचा विसरले.

वाचनाच्या दिवशी मी "उतार उत्तरेकडे" म्हणाले आणि सगळ्यांनी "ऐकलं" म्हटलं. अण्णा तेवढे गप्प राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, फेरी मारली, टँकरमधून एक बादली भरून आणली आणि प्लॉटच्या मधोमध ओतली. पाणी वळणं घेत दक्षिणेला निघालं. अण्णा उकिडवे बसून ते नाहीसं होईपर्यंत पाहत राहिले. नारळ तसाच होता.

मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "ताई, नाला तिकडं हाय. कागद इकडं म्हनतोय. एकदा बघा."

मी बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी मला सगळं कळलं. कुठला करार, कुठली ओळ, सगळं. पण शेठची सही झाली होती, शाबासकी मिळाली होती आणि ज्यांना सही येत नाही त्यांनी माझी चूक काढली होती. मी म्हटलं, "अण्णा, उत्तरेला भिंत आणि गटार होणारच आहे. कागदावर आहे तसंच करायचं, असं तुम्हीच म्हणता ना?"

त्यांचंच वाक्य मी त्यांच्या तोंडावर मारलं. "व्हय. म्हनतो," अण्णा एवढंच म्हणाले आणि नारळ फोडायला गेले.

काम त्यांनी नेहमीसारखंच चोख केलं. नऊ-नऊ इंच, पाणी, रोलर. उत्तरेची भिंत व्हायला वेळ लागला आणि गटार तर झालंच नाही. परतीच्या पावसाने एका दुपारी सगळा प्लॉट धुऊन काढला. इतका सुंदर उतार होता, की पाण्याचा थेंब कुठे थांबला नाही. सगळं पाणी गुरुजींच्या घरात शिरलं. मी पोचले तेव्हा अण्णा गुडघाभर पाण्यातून गुरुजींच्या पत्नीला खुर्चीसकट उचलून बाहेर आणत होते. दुसऱ्या बाजूने रोलरवाल्याने खुर्ची धरली होती. त्या बाईंच्या हातात देवाचं एक ओलं चित्र होतं आणि त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "कुणी सोडलं हो पाणी?"

दोन दिवसांनी शेठच्या ऑफिसात बैठक झाली. समोर करार उघडा होता, शेवटच्या कलमावर शेठचं बोट होतं. ते आवाज न चढवता बोलले. "अण्णा, तीस वर्षं जमीन बघताय. कागदातली चूक आमची, मान्य. पण तफावत लेखी कळवायचं काम तुमचं होतं. लेखी नाही, निदान तोंडी तरी कुणाला सांगितलं होतं का?"

मी टेबलावरच्या पेन्सिलीकडे बघत होते. त्या पेन्सिलीवरची खूण न् खूण मला अजून आठवते. मनात म्हणत होते, सांगा, अण्णा, माझं नाव सांगा. आणि त्याच वेळी हेही म्हणत होते, की नका सांगू.

"नाय, शेठ," अण्णा म्हणाले. "ध्यानातच आलं नाय माझ्या."

ज्या माणसाच्या टाचेला एका थराचा फरक कळायचा, तो म्हणाला ध्यानात आलं नाही. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शेठना समजलं असतं, म्हणूनच पाहिलं नसावं. आणि मी तोंड उघडलं नाही.

त्या शेवटच्या कलमाप्रमाणे अण्णांनी स्वतःच्या खर्चाने सगळं काम पुन्हा केलं. भराव उचलला, उतार दक्षिणेला फिरवला, गुरुजींचं अंगणही नीट करून दिलं. एक दिवस मी धीर करून साइटवर गेले. अण्णा रोलरच्या मागे चालत होते आणि त्यांच्या पायांत चपला होत्या.

"अण्णा, चपला?"

"आता काय काढायच्या, ताई," ते म्हणाले. "कागद काय म्हनतो तेवढं सांगा."

मला तेव्हाच तिथे बसून रडायला हवं होतं. मी लेव्हल तपासली आणि परत आले.

नाशिक तसं लहानच आहे. अण्णांचे पाय आता गेले, असं बिल्डर लोक एकमेकांत बोलू लागले. कामं कमी झाली, मग थांबली. अण्णा गावी गेले. मी नोकरी बदलली, पुढे बढतीही मिळाली. दिवाळीला त्यांचा फोन यायचा. "बऱ्या हाय ना, ताई?" एवढंच विचारायचे. दरवेळी मी ठरवायचे, की आज बोलायचंच, आणि दरवेळी मुलांचं, हवापाण्याचं बोलून फोन ठेवायचे. तीन दिवाळ्या अशा गेल्या. मग यंदा उन्हाळ्यात रोलरवाल्याचा फोन आला. अण्णा झोपेतच गेले होते.

दहावा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. अण्णांच्या पत्नीला, काकूंना, मी कधी भेटले नव्हते. त्यांनी चहा ठेवला आणि मी दारातच उभी राहून सगळं सांगून टाकलं. काकू, अण्णांनी मला सांगितलं होतं. उतार चुकलाय हे त्यांनी कामाच्या आधी मला सांगितलं होतं आणि मी गप्प बसले.

काकूंनी गॅस बारीक केला. "मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "त्यांचं पाय कुठं चुकायला?" मग चहात साखर टाकत म्हणाल्या, "मला एकदाच बोलले. म्हनले, लेकीसारखी पोर हाय, पहिलीच नोकरी."

त्यांनी फळीवरून एक शाळेची वही काढली. काकू चौथी शिकलेल्या. गावी आल्यावर अण्णांनी त्यांच्याकडून लिहायला शिकायचा हट्ट धरला होता. "म्हातारपनी कशाला म्हनून मी लय हसले. बाकी काय शिकायचंच नव्हतं त्यांना. एवढंच लिहून दे म्हनायचे आन तेच गिरवत बसायचे."

पहिल्या पानांवर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा होत्या. मग मोडकी अक्षरं लागली. मग पानामागून पान तेच.

ताई, नाला दक्षिणेला आहे. कागदावर उत्तर आहे. एकदा बघावे. कळावे.

शेवटच्या पानावरचं अक्षर अगदी सरळ होतं, ओळ सोडून जराही उतरलेलं नव्हतं. खाली अंगठा नव्हता, निवृत्ती अशी पूर्ण सही होती. त्याच्याखाली त्यांनी "पोच" असं लिहून पुढे पट्टीने एक रेघ मारून ठेवली होती. रेघेवर काही नव्हतं.

मी पर्समधून पेन काढलं. काकू माझ्या हाताकडे बघत होत्या. मी त्या रेघेवर सही केली, खाली तारीख घातली आणि वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फुंकर मारून वाळवली आणि फळीवर होती तिथे ठेवून दिली.